कात्री न लावता

आई, केसांसाठी जवस उकळायला ठेवलं की मी अजूनही गॅसपासून हलत नाही. नजर चुकली की ते फसफसून उतू जातं आणि तुझा आवाज कानात येतो, "उभी राहा तिथंच, टीव्ही कुठे पळून जात नाही." तू गेल्याला बरीच वर्षं झाली. पण आज लिहायला बसले ते त्या एका उन्हाळ्याबद्दल. मी नववीची परीक्षा दिली होती आणि जेल रोडच्या आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत तुझं पार्लर नुकतं कुठे चालायला लागलं होतं.

मागच्या गल्लीतल्या वहिनी भर दुपारी आल्या, पदर डोक्यावरून ओढून. त्यांची मुलगी माझ्याच वर्गातली. टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, आणि उठली तेव्हा मानेमागचे केस एकमेकांत अडकून नारळाच्या शेंडीसारखे घट्ट झाले होते. सिन्नरकडच्या खेड्यातून तिची आजी आली, तिनं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि सांगून टाकलं की जट आली, पोर देवीची झाली. पौर्णिमेला तिला देवीच्या ठाण्यावर न्यायचं ठरलं. मग शाळा नाही, आणि लग्नाचं म्हणाल तर देवी सांगेल तसं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, कात्री लावली तर घरात आकांत होईल. कात्री न लावता सुटेल का?" तू लगेच हो म्हणाली नाहीस. "बघते," म्हणालीस, आणि त्या गेल्यावर कितीतरी वेळ नुसती खुर्ची पुसत राहिलीस.

बाजारातल्या बाटलीतलं कंडिशनर वरवर गुळगुळीत करायचं, आत शिरायचंच नाही. म्हणून तू स्वयंपाकघरात लागलीस, आणि प्रयोगाला माझं डोकं. तू माझे केस मुद्दाम उलटे विंचरून गुंता करायचीस आणि मग लावून बघायचीस. पहिलं जवस इतकं दाट झालं की वाळल्यावर केस कांजी केलेल्या साडीसारखे कडक. मेथी घातली तर तिचे कण मुळाशी अडकले, वरून वास वेगळाच. तेल घातलं की तवंग वर. मी रडकुंडीला आले तेव्हा तू खेकसलीस, "तुझा गुंता मी घातलाय, तिचा कोणी घातला?" शेवटी पातळ उकळलेलं जवस गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळलंस, जास्वंदीची पानं वाटून त्यांचा रस मिसळलास, आणि खोबरेल थेंब थेंब सोडत रवीनं घुसळलंस. ते सायीसारखं जमून आलं. माझ्या केसांतून फणी सरकली ती थेट टोकापर्यंत. तू हसली नाहीस. पौर्णिमा तोंडावर आली होती.

आजी देवळात गेलेली पाहून वहिनी मुलीला घेऊन येतात. तू दार लावून घेतेस. मी वाटी धरून तुला चिकटून उभी. तू ते कोमट करून जटेत बोटांनी मुरवतेस, वाट बघतेस, मग टोकाकडून एकेक बट सुईनं सोडवल्यासारखी सोडवतेस. पोर ओठ चावून बसलेली. अर्धी जट मोकळी झाली असेल नसेल, तोच दारावर थापा. वहिनींचा चेहरा पांढराफटक. कडी तूच काढलीस.

"हात लावू नको तिच्या डोक्याला," आजी उंबऱ्यातून ओरडली. "देवीचं हाय ते!"

"आजी, मी कापत नाहीये. विंचरतेय."

"कोप झाला तर कोण निस्तरणार? तू?"

तू स्टूल पुढे सरकवलंस. आजी बसली, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि तुझ्या बोटांवरची नजर तिनं हलवली नाही. बाहेर बायका जमल्या. तू पुन्हा लावलंस, पुन्हा सोडवलंस. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे केस पाठीवर मोकळे झाले, फक्त मानेपाशी एक गाठ राहिली, दगडासारखी. तिथं काही जिरेनाच. तू फणी खाली ठेवलीस. "ही सुटत नाही आजी. खोटं कशाला बोलू?"

आजी उठली. तिनं गाठीला बोट लावलं आणि पोर कळवळली.

"दुखतं व्हय गं?"

"झोपताच येत नाही आजी. किती दिवस."

"मग बोलली का नाय?"

"तू पाया पडत होतीस त्याच्या."

आजीनं गाठीवरचं बोट काढलं आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली, "काप. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

जूनमध्ये ती शाळेत आली, दोन वेण्या घालून. पुढे नर्स झाली. आपल्याकडे मात्र कोपाच्या भीतीनं काही बायका यायच्या बंद झाल्या, त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. आणि दोन हजार सालानंतर तू आजारी पडलीस तेव्हा त्यांच्यातलीच एक दवाखान्याच्या जिन्यात कुजबुजली, "तरी म्हटलं होतं." मी तिच्या अंगावर धावून गेले. माझी आई असलं काही मानत नाही, असं ओरडून सांगितलं. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगत आले, माझ्या मुलीलाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून तुझ्यापुरतंच लिहिते. त्या दुपारी वाटी धरून मी तुझ्या इतकी जवळ होते की तुझे ओठ हलत होते ते मला दिसलं. "आई भगवती, सांभाळून घे," असं तू पहिल्या बटेपासून पुटपुटत होतीस. मी ऐकलं होतं. कुणाला सांगितलं नाही.