माझ्या हातावरची विमल

मालवण, १२ ऑक्टोबर १९६४

विमल सकाळच्या एस.टी.ने सासरहून, धामापुराहून, आली. मागे भावोजी पिशवी घेऊन, कोरा पेपर देऊन वर्गाबाहेर आलेल्या मुलासारखे. तिच्या नडगीवर जांभळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.
"खंय आपटलंस गो?"
"खंयच नाय."
दुपारी भाकरी चावली तर हिरडीतून रक्त. आईने ताट उचललं.

आम्ही जुळ्या. विमल वीस मिनिटांनी मोठी, आणि ती वीस मिनिटं तिने एकतीस वर्षं वापरली. गावात लोक आम्हाला हटकून एकमेकींच्या नावाने हाक मारतात. आज बाजारात एकही माणूस चुकला नाही. ती पांढरीफटक, मी माझ्या रंगाची.

डॉ. रॉड्रिग्ज नाडी धरता धरता ताज्या बांगड्यांचा भाव विचारणारा माणूस. आज विचारला नाही. हिमोग्लोबिन चार. "मुंबयक न्हेवा. वाट बघू नकात."

१४ ऑक्टो., बोटीवर

बोट लांब खोल पाण्यात उभी. पडावातून वर चढवायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही परीक्षा. वि.ला खुर्चीला पंचाने बांधून दोघा खलाशांनी उचललं. ती मला म्हणते, "लग्नाक पण माका असा कोणी उचलूक नाय." हसली, आणि नाकातून रक्त आलं.

किनाऱ्यावर आई, कडेवर नंदी. नंदी वि.ची, पाच वर्षांची. आईने हात हलवला नाही. हात हलवला की माणूस परत येत नाही, असं तिचं शास्त्र आहे. मी हलवणार होते, मग माझाही हात खाली.

मुंबई, १७ ऑक्टो.

कमरेच्या हाडात सुई घालून तपासलं. मोठे डॉक्टर शांतपणे बोलतात, त्यामुळे जास्त भीती वाटते. हाडांच्या आत जो मगज असतो त्यात रक्त तयार होतं, आणि हिचा मगज आटला आहे. कॅन्सर नव्हे. पण त्याहून बरंही नव्हे. बाहेरून रक्त घालत राहायचं, ताप आला की औषध द्यायचं.
"किती दिवस?" भावोजींनी विचारलं.
"शरीर ऐकेल तितके."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, चष्मा पुसला. "तुम्ही जुळ्या?"

परदेशात काही ठिकाणी एका जुळ्याचा मगज दुसऱ्याला शिरेतून दिला आहे आणि तो रुजला आहे. पण जुळी अगदी एकाच बीजाची हवीत. नाहीतर शरीर परकं म्हणून झिडकारतं. "मी स्वतः हे केलेलं नाही. खोटा धीर देणार नाही." ठरवायची परीक्षा एकच. वि.ची थोडी कातडी काढून माझ्या हातावर लावायची. माझ्या शरीराने ठेवून घेतली तर आम्ही एक.

"पण हिला साधी जखम झाली तरी रक्त थांबत नाही. उगाच कापणार नाही. आधी आईंना विचारा, बाळंतपणात वार एक पडली की दोन? एक असेल तर मी पुढे जाईन. दोन असतील तर आशा बरीच कमी."

आईला पत्र टाकलं. तसं मला उत्तर ठाऊक आहे. आमच्या परसात दोन माड आहेत. आमच्याकडे मूल झालं की वार पुरतात आणि वर माड लावतात. एक सुशीचा, म्हणजे माझा, एक विमलचा.

२० ऑक्टो.

गावची खोली गिरगावात आहे. पंचवीस जणांच्या वळकट्या भिंतीला. तिथे जाऊन सांगितलं, रक्त हवं. सगळे एकदम चुलीकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणतो, "रगात दिल्यार अंगातली ताकद जाता." शेवटी शेजारचा बाबल उठला, गोदीत हमाली करतो. "माजा घेवा. पण सांगान ठेवतंय, फाल्यापासून विमल माज्यासारखी शिव्यो घालतली."
तो उठला म्हणून आणखी चार उठले. दोघांचं जुळलं.
रात्रीपर्यंत वि.च्या ओठांना रंग आला. उसना.

२४ ऑक्टो.

आईचं पत्र. दोनच ओळी. "वार दोन होत्या. दोन माड साक्षीला आहेत. तू रजा संपली की परत ये."
डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. "मग मी कापायला धजत नाही, बाई."
वि.ला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बरा झाला. तुझ्या हाडात सुयो नको."
खरं लिहायचं तर मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मला सुईची भीती वाटते. तिला देऊन माझाही मगज आटला तर, हे गेले सात दिवस मनात होतं. कुणाला बोलले नाही.

मालवण, २९ ऑक्टो.

भावोजी तिकडे. मी सहामाहीचे पेपर तपासायला आले. नंदीने दारातच विचारलं, "माजी आय खंय?" मग माझ्याकडे नीट बघून, "तू जाडी मावशी."

३० ऑक्टो.

सकाळी परसात गेले. विमलचा माड जरा वाकडा, नारळ भरपूर. माझा सरळ आणि कंजूष. आईला सहज विचारलं, "दोनय वारी तूच बघितलंस?"
"होय. दोनय थंयच पुरल्यो." आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.
घरात सगळ्या कळश्या भरलेल्या होत्या.

१ नोव्हेंबर, रविवार

देवबागला गेले. आमची सुईण भागूमाय तिथे मुलाकडे असते. डोळे गेलेत, पण आठवण लख्ख. माझा चेहरा हाताने चाचपून म्हणाली, "सुशी काय विमल?" सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"दोन वारी? कोणी सांगल्यान? दोन चेडवां, वार एकच. माज्या ह्या हातान पुरलंय. तुजो बापूस म्हणालो, चेडवां दोन तर माड पण दोन होये, नायतर मोठेपणी भांडतली."
"मग दुसऱ्या माडाखाली काय?"
"शेण."

परतताना पाय भराभर पडत होते. आई आडाळ्यावर नारळ खवत होती. उभ्या उभ्याच विचारलं.
"एकच होती ना?"
ती खवत राहिली. करवंटी लागली तरी खवत राहिली. मग, "होय."
"मगे दोन म्हणान लिवलंस कशाक?"
"तुका कापतले म्हणान. एक बुडता तेव्हा दुसऱ्येक पाण्यात ढकलूची? खंयची आवस ढकलतली?"
"आणि विमल?"
"तिच्यासाठी मी रडान घेतलंय. परत तुज्यासाठी रडूची ताकद माका नाय गो."

ओरडले तिच्यावर. आयुष्यात ओरडले नव्हते तेवढी. मास्तरीण झाले म्हणून आवाज चढवता येतो, त्याचा उपयोग असा. तिने खोबऱ्याचं ताट बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला.

लिहायला लाज वाटते. रागात मध्येच एक गोड कळ आली. एकतीस वर्षांत आईने कधी आमच्यात डावं-उजवं केलं नाही. पहिल्यांदा निवड केली आणि ती मी निघाले. आणि वि. खाटेवर आहे.

३ नोव्हें.

उद्या लक्ष्मीपूजन. मी आज बोटीवर. शाळेला अर्ज, बिनपगारी. आई किनाऱ्यावर आली नाही. नंदीच्या हाती डबा पाठवला, नारळाच्या वड्या. त्याच खोबऱ्याच्या.

मुंबई, ७ नोव्हें.

झालं. आधी वि.ला रक्त दिलं, मग तिच्या मांडीची कातडी, चार आण्याच्या नाण्याएवढी. माझ्या डाव्या हातावर कोपराच्या खाली तेवढीच काढून तिथे बसवली, टाके, पट्टी. वि.च्या मांडीतून चार तास रक्त झिरपत होतं. परिचारिका हात दाबून बसली. मी बाकावर, हात गळ्यात बांधून. मला वाटलं, या तुकड्यापायीच ती जाते आता.
थांबलं.
तीन आठवडे वाट बघायची. परकं असेल तर काळं पडून गळेल.

११ नोव्हें.

वि. म्हणते, "माजो तुकडो काय म्हणता?"
"मोठेपणा करता."
"मगे माजोच."

१६ नोव्हें.

पट्टी बदलताना पाहिलं. कडेने काळं. मधेही काळं.
परिचारिकेने तोंड फिरवलं. डॉक्टर उद्या सकाळी. वि.ला आज ताप, हिमो. परत खाली, पाच. तिला हात दाखवला नाही. पदराखाली धरून बसले तर तिने बरोबर ओळखलं. तेवढ्यासाठी जुळं असावं लागत नाही.

१७ नोव्हें.

सकाळी दहा. डॉक्टरांनी चिमट्याने काळं उचललं. मी खिडकीकडे बघत होते, समोर गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. एक, दोन, तीन, पापड मोजले. अकराव्याला डॉक्टर म्हणाले, "बघा."
वरची खपली निघाली होती. खाली गुलाबी. नंदीच्या टाचेसारखं गुलाबी.
"अजून अकरा दिवस. आत्ता नाचू नका." पण ते स्वतः शीळ घालत गेले.

२८ नोव्हें.

तुकडा रुजला. बोटाने दाबलं तर पांढरा होतो, सोडलं की परत लाल. डॉक्टरांनी आणखी दोघा डॉक्टरांना बोलावून माझा हात दाखवला, बाजारातली सुरमई दाखवावी तसा. आम्ही एक आहोत. भागूमायला आधीच माहीत होतं.
आईला कार्ड टाकलं. चार शब्द. "एकच. बुधवारी मगज देते."

२ डिसेंबर

सकाळी नेलं. पालथं झोपवलं, नाकावर औषध. भ्यायले. "नको" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात गुंगी आली. तेच बरं झालं. कमरेवर किती भोकं, मोजली नाहीत. उताणं निजता येत नाही.
बाटलीत दाट लाल, वर चरबीचे थेंब. रक्तासारखंच दिसतं. वि.च्या शिरेतून थेंबाथेंबाने गेलं. डॉक्टर म्हणतात, आपली वाट तो स्वतः शोधतो, हाडात जाऊन बसतो. बसला तर.
भावोजी पहिल्यांदा रडले. मी म्हटलं, "माजी कंबर मोडली, तुम्ही कशाक रडताव?"

९ डिसें.

वि.ला वेगळ्या खोलीत ठेवलंय. दाराला काच. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, म्हणून कुणी आत जायचं नाही, बाहेरच्या श्वासानेही ताप येईल. ताप तरीही आहे. एकशेतीन.
काचेतून बोट उचललं तिने. एकच बोट.

१६ डिसें.

चाचणी. होतं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन आठवडे लागतात. "रुजला नसेल तर?" "मग विचार करू." त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसतात तेव्हा मला आवडत नाही.
बाबलने परत रक्त दिलं. यावेळी शिव्यांची थट्टा केली नाही.

१९ डिसें.

आई आली. जन्मात बोटीत न बसलेली बाई एकटी आली, भाऊच्या धक्क्यावरून बाबलने आणली. नंदी धामापुरास दुसऱ्या आजीकडे. पिशवीत दोन नारळ. मी विचारलं, खंयच्या माडाचे? म्हणाली, "एक ह्याचो, एक तेचो. आता काय फरक पडता?"

काचेपाशी नेलं. वि. झोपली होती. ताप आज शंभरावर, उतरतोय की दमलाय, कळत नाही. आईने दाराच्या मुठीला हात घातला. परिचारिका धावली. "आजी, आत नाही जायचं. हात लावायचा नाही." आईला तिचं बोलणं कळलं, पण हात मुठीवरून निघेना. शेवटी मीच सोडवला.

दुपारी रक्त काढून नेलं. पांढऱ्या पेशी वाढल्या का, ते चिठ्ठीत उद्या दहाला. डॉक्टर म्हणाले, या चिठ्ठीवर बरंच कळेल.

बाकावर बसलो. आई म्हणाली, "हात दाखव." माझी बाही तिनेच वर सारली. कोपराखाली तो तुकडा, माझ्या कातडीपेक्षा अजून जरा फिकट. तिने अंगठा ठेवला आणि कुरवाळायला लागली. माझा हात नव्हे. तेवढाच तुकडा, त्याच्या कडेबाहेर अंगठा जाऊ न देता.
"विमल्या," म्हणाली, "आवस इली गो तुजी."

तिचा अंगठा अजून तिथेच आहे. डावा हात तिच्या मांडीवर सोडून हे उजव्या हाताने लिहिते आहे.