राजकन्येच्या शेजारची जागा

राजधानी,
नवव्या महिन्याची सहावी तारीख

तीर्थस्वरूप दादांस, धाकट्या फुशेनचा गुडघा टेकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेली सेबलची मऊ केसाळ कातडी आणि चिलगोजे पोचले. आईने कातडी गालाला लावून पाहिली आणि पेटीत ठेवून दिली. म्हणाली, "तिकडे स्वतः कुडकुडत असेल आणि मला ऊब पाठवतोय." तिचे गुडघे अजून दुखतात. तुमचा करडा घोडा म्हातारा झाला, पण चावायची खोड काही गेली नाही. बाकी इथे सगळं ठीक.

ठीक म्हणजे, महाल गेला. राजकन्या वारली की तिचा महाल दरबारजमा होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कारभारी माणसं घेऊन आला, पडदे उतरवले, पलंग उचलला. मग अदबीने मला विचारतो, "जावईबापू, हे जोडे तुमचे की महालाचे?" माझेच होते. ते घालून आईकडे राहायला आलो.

तुमच्या पत्रात दोन आज्ञा आहेत. मी दुसरं लग्न करू नये, कारण केलं तर जावईपद जाईल आणि घराण्याचं दरबाराशी नातं तुटेल. आणि सुतक फिटल्यावर बादशहा भेटीला बोलावतील तेव्हा तुमच्या बदलीसाठी शब्द टाकावा, कारण आमूरच्या काठी हाडं गोठतात. दोन्ही नीट समजल्या. राजकन्या कशाने गेली, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत. असो.

'असो' लिहिलं खरं, पण हात पुढे सरकेना, दादा. तेव्हा सांगतोच.

खोकल्याने गेली. मी बाहेरच्या चौकात होतो, माझी जागा तीच. आतून बोलावणं आल्याशिवाय नवऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही, आणि बोलावणं आणायचं ते राजकन्येच्या उया दाईने. त्या दिवशी मी आपणहून दाराशी गेलो. दाई स्टूल टाकून बसली होती.

"बोलावणं आलं का, जावईबापू?"

"ती खोकतेय. तुला ऐकू येत नाही?"

"खोकला म्हणजे बोलावणं नव्हे. ही काय सराय आहे, वाटेल तेव्हा आत शिरायला?" असं म्हणत तिने तळहात पुढे केला.

अंगठ्यातलं, धनुष्याची दोरी ओढायचं वळं काढून दिलं, वडिलांचं. दाईने ते उन्हात धरून पाहिलं, खरं जेड आहे की नाही ते. ती पाहत होती तेवढ्यात आत रडण्याचा आवाज उठला.

नंतर दासी सांगत होती, राजकन्या मला कितीदा तरी बोलवायची. दाई आत सांगायची, जावईबापू शिकारीला गेलेत. बाहेर येऊन मला सांगायची, राजकन्येला आज बरं नाही. एका घरात राहून आम्ही नवरा-बायको म्हणून किती भेटलो, ते लिहायची लाज वाटते. मूल नाही म्हणून दरबारातल्या बायका तिलाच टोमणे मारायच्या.

नववर्षाच्या मेजवानीतलं तुम्ही विसरला असाल. मी विसरलेलो नाही. भर पंगतीत ती उठून वडिलांपुढे गेली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याच नवऱ्याला भेटायला मला दाईचे हात ओले करावे लागतात. हा कुठला न्याय?" बादशहा माझ्याकडे वळले. "काय रे, खरं आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंगरक्षकांच्या रांगेतून तुम्ही पुढे आलात. घरातले थोरले, तुमच्यापुढे मी कसा बोलणार? तुम्ही कपाळ जमिनीला टेकवलंत आणि म्हणालात, "धनी, राजकन्येचं बोलणं पोरकट आहे. घालून दिलेल्या रीतीत दोघं सुखी आहेत, हा गुलाम ग्वाही देतो."

बादशहा हसले. तिला म्हणाले, "जरा लाज बाळग." ती मान खाली घालून परत आली आणि पुन्हा कधी तक्रार केली नाही. दाईला मात्र चांगलंच बळ चढलं. वसंतात तुम्हाला आमूरची सरदारी मिळाली. निघताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "घराण्यासाठी केलं रे." राजकन्येने लग्नाच्या दिवशी, रीत मोडून, पाया पडणाऱ्या सासूला, तुमच्या-माझ्या आईला, हाताला धरून उठवलं होतं. ती त्या घराण्यातली नव्हती का?

परवा बादशहांनी बोलावलं. फार थकलेत. म्हणाले, "पोरीच्या मागे तुझं काहीतरी करावं, असं मनात आहे. माग."

मी म्हणालो, "गुलाम दुसरं लग्न करणार नाही. मेल्यावर राजकन्येच्या शेजारी जागा द्यावी. तोवर तिच्या थडग्याची राखण करू द्यावी. दरबारात पुन्हा येणं नको."

बादशहा डोळे पुसून "दिलं" म्हणाले. मी निघालो तर त्यांनीच थांबवलं. "आणखी काही? घरच्यांसाठी?"

तुमचं पत्र बाहीत होतं, दादा. मी "काही नाही" म्हणालो.

तुमची पहिली आज्ञा पाळली, लग्न करणार नाही. आईला बरोबर नेतोय. थडगी शहरापासून लांब आहेत, थंडीही आहे, पण तिथे दाराशी कुणी दाई बसलेली नसते. राजकन्येजवळ जायला मला आता फक्त मरायचं आहे.

उत्तर पाठवू नका, ते घ्यायला या घरात कुणी नसेल.

कळावे. लोभ होता.

फुशेन