तीन चांगल्या भिंती

प्रिय दादा,

तू गेल्याला सहा वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुझ्यासाठी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण आज परभणीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. नव्या ओव्हरसियर पोरांचं प्रशिक्षण चालू आहे. मोठ्या साहेबांनी मला उभं केलं आणि त्यांना सांगितलं, "यांनी सख्ख्या भावाचं काम पाडलं. तपासणी कशी करायची ते यांच्याकडून शिका." मी हात जोडले आणि खाली बसलो.

त्या कामावर खरं काय झालं, ते तुला आणि मला माहीत होतं. आता मी एकटाच उरलोय.

आधी तुझं सांगतो. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. तू शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेलास, पुढं स्वतः कामं घेऊन गुत्तेदार झालास, मला तंत्रनिकेतनात घातलंस. सगळं खरं. पण ते एक दिवस तरी विसरू दिलंस का रे? माझ्या लग्नात, सासरच्या माणसांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "ह्याला ओव्हरसियर म्या केलं. न्हाई तर बैलं राखत बसला असता." सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली. त्या दिवशी मी मनात काय धरलं, ते तुला कधी कळलं नाही.

पुढं माझी बदली जिंतूर तालुक्यात झाली. चारठाण्याच्या पलीकडं एका वाडीवर शाळेच्या खोलीचं काम तुझ्याकडं होतं. तुला केवढा आनंद. "आता घरचाच साहेब हाय," असं गावभर सांगत सुटलास.

तपासणीच्या दिवशी मी सकाळीच एकटा गेलो, तू यायच्या आधी. चारी भिंतींचे सांधे खिळ्यानं खरवडून बघितले. मागच्या भिंतीतला सिमेंटचा माल भुसभुशीत होता, बोटानं निघत होता. तू तापानं पडून होतास तेव्हा तुझ्या माणसांनी ती उचलली होती. बाकीच्या तिन्ही भिंतींवर खिळा नुसता घसरला. दादा, इतकं चांगलं काम मी नंतरही फार कमी पाहिलं.

दुपारी सरपंच आला, गाव जमलं. मी सगळ्यांसमोर मागच्या भिंतीला खिळा लावला. माल खाली सांडला. लोक कुजबुजायला लागले. तू जवळ येऊन हळूच म्हणालास, "सुध्या, ही पाडतो. चुकलं. बाकीच्या बघ की हात लावून."

"इथं साहेब म्हणायचं," मी मोठ्यानं म्हणालो.

तू माझ्याकडं बघत राहिलास. तुझे मजूर तुझ्याकडं बघत होते. मग म्हणालास, "साहेब, बाकीच्या बघा."

"बघायचं काय? चारी पाडा."

एक भिंत पाडून भागत होतं. नियमही तेवढंच सांगत होता. पण मला तुझी मान खाली गेलेली बघायची होती. बघितली. खरं सांगू? मला ते गोड लागलं. घरी येऊन पोटभर जेवलो.

लोक पांगल्यावर टिकाव तूच घेतलास. चांगली भिंत फुटेना. तुझा म्हातारा गवंडी मला म्हणाला, "साहेब, ही तर लोखंडावानी हाय. कशापायी पाडायलाव?" मी काही बोलायच्या आत तूच त्याला गप्प केलंस. "साहेब म्हणतेत तसं कर."

त्यानंतर तुला कुणी गुत्तं दिलं नाही. माझं मात्र नाव झालं. कडक माणूस, तत्त्वाचा माणूस. वरच्या जागा मला त्याच नावावर मिळाल्या. तू मानवतला दुसऱ्याच्या कामावर गवंडी म्हणून गेलास. गोदामाच्या बांबूच्या परांचीवरून पडलास, त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद होती. तुला ट्रकमध्ये घालून परभणीला आणलं.

मी दवाखान्यात आलो तेव्हा तू शुद्धीवर होतास. मला बघून वहिनीला म्हणालास, "साहेब आलेत. खुर्ची दे."

वहिनीनं खुर्ची दिली. आणि मी बसलो, दादा. तू तोंड फिरवलंस ते जाईपर्यंत पुन्हा वळवलं नाहीस. एक शिवी का नाही दिलीस? तेवढी तरी द्यायची होतीस.

आज टाळ्या वाजल्या तेव्हा मागच्या बाकावर कोण होतं, सांगू? तुझी मंगल. ओव्हरसियर झाली तुझी लेक. सगळ्या पोरांत एकटी मुलगी. टाळ्या तिनंही वाजवल्या. नंतर बाहेर मला गाठून विचारलं, "काका, बाबांचं काम खरंच तेवढं खराब होतं?"

मी म्हणालो, "हो."

ती म्हणाली, "मग बरंच केलंत तुम्ही."

तुझ्यावर मी कितीदा वार केला, ते मोजत नाही. पण आजचा सगळ्यात वाईट होता, कारण आज तू समोरही नव्हतास.

उद्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आहे. त्याच पोरांसमोर, त्याच साहेबांसमोर मी उभा राहून सांगणार आहे, की तीन भिंती चांगल्या होत्या, ते मला सकाळपासून माहीत होतं, आणि तरी मी त्या पाडायला लावल्या. नोकरी जायची तर जाईल. मंगल मला पुन्हा काका म्हणणार नाही, तेही धरून चाललोय. तुझी माफी मागत नाही, तू ती देणारा नव्हतास. पण पोरगी आता जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती तपासणार. तिच्या बापाची भिंत कशी होती, ते तिला माझ्या तोंडून कळेल. हा शब्द देतो.

तुझा धाकटा,
सुधाकर