लाल दोऱ्याचा चेंडू

४ ऑगस्ट, सोमवार
लिही गं सदफ. शेजारची नववीतली पोर ही. तोंड माझं, हात तिचा. अट एकच घातली — लिहिलं की विसरायचं. म्हणाली, दादी, तुमचं असं काय हाय विसरण्यासारखं? कळंल.

आज शाळंतल्या मॅडम आल्या. चिंध्यांचे बारा चेंडू पायजेत म्हणे. रबराचा लागतो, पोरं भितात. मी विचारलं, शिकवता का खेळवता? दोन्ही, म्हणाल्या. टाकणाऱ्यानं 'सात पंचे' म्हणायचं, झेलणाऱ्यानं 'पस्तीस'. भूगोलाला नद्या, इंग्रजीला शब्द. चेंडू ज्याच्या हातात, बोलायची पाळी त्याची.

माझी नात प्रांजली त्यांच्याच वर्गात, पाचवीत. तिची माय रूपा, माझी सून, दोन वर्षांमागं काविळीनं गेली. तेव्हापासून पोर घरात व्हय-नाय करते, शाळंत तेवढंबी नाय. मुंजाबा, माझा ल्योक, वाळूजला कंपनीत हाय. म्हणतो, पोळ्यापर्यंत तोंड उघडलं नाय तर शाळंतून काढतो, शेळ्या राखंल. शेळ्यांशी काय कमी बोलावं लागतं!

७ ऑगस्ट, गुरुवार
चेंडू झाले. गोधडीच्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं, मूठमूठ चिंध्या घट्ट गुंडाळल्या, वरून काळ्या लोकरीचा दोरा. शेवटच्याला लोकर सरली, त्याला लाल दोरा लावला. डोळ्याला कमी दिसतं, हाताला नाय. मॅडम घेऊन गेल्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार
गाठोड्यात रूपाचा पदर नाय.

९ ऑगस्ट, शनिवार
काल पुढं सांगवलं नाय.

आमच्यात मेलेल्याचं कापड घरात ठेवत नाय. जीव त्यात अडकतो म्हणतात. रूपाचं सगळं दहाव्याला देऊन टाकलं, असं मी मुंजाबाला सांगितलं. खोटं. निळ्या साडीचा पदर फाडून ठेवला, प्रांजलीच्या गोधडीत घालीन म्हणून. दोन वर्षं धीर झाला नाय. अन् आता माझ्याच हातानं चेंडूत गेला. कोणत्या, ठाऊक नाय. पोरं मेलेल्या बाईला एकमेकांकडं फेकत असतील.

सदफचा हात थांबला. लिही म्हणलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी ओट्यावर चेंडू आपटला. थप, थप, थप. रूपा भाकरी थापायची, तसा. बाहेर आले तर कुणी नाय. शेळी तेवढी कान टवकारून उभी.

१४ ऑगस्ट, गुरुवार
शाळंच्या तारेपाशी जाऊन उभी राहिले. नद्यांचा खेळ चालला होता. प्रांजलीकडं आलेला चेंडू पायाशी पडायचा, ती बघत राहायची. मग लाल दोऱ्याचा आला. तिनं झेलला. अन् म्हणाली — पूर्णा.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी तार धरली. तो खरखरीत आवाज रूपाचा होता.

१८ ऑगस्ट, सोमवार
टाके सुटलेत, पक्के करून देते अशी थाप मारून मी चेंडू दोन-दोन, तीन-तीन घरी आणते. उसवते, चिंधी-चिंधी बघते, परत शिवते. अकरा झाले. पदर नाय.

राहिला लाल दोऱ्याचा. तो झेलून पोर आता आठाचा पाढा म्हणते. बाकीचे अजून पायाशीच पडतात. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमच्या हाताला गुण आहे.

तसाच ठेवला तर पोर मेलेल्या मायच्या तोंडानं बोलणार. उसवला तर परत मुकी. अन् पोळा शुक्रवारी.

२० ऑगस्ट, बुधवार
प्रांजली आज तो चेंडू घरी घेऊन आली. ती शेळी बांधायला गेली तेवढ्यात मी कात्री काढली. चेंडू ऊबदार होता. पोरीच्या हाताची ऊब असंल. रूपा, सोड गं तिला, म्हणलं. सून जिती होती तोवर तिला कधी गं म्हणून विनवलं नाय. हात चालंना. कात्री फळीवर ठेवली.

दारात प्रांजली उभी होती. कधीची, कोण जाणे.

२१ ऑगस्ट, गुरुवार
सदफ फुप्पीकडं, तिच्या आत्याकडं, वेरूळला गेली. पिठाच्या डब्यामागून वही प्रांजलीनंच काढली. हे अक्षर तिचं.

"उसवू नको आज्जी. त्यात आई नाही. पदर मी कधीच काढून घेतला, आई गेली त्याच वर्षी. माझ्या दप्तरात आहे."

वही कधी वाचलीस, विचारलं. रोज, म्हणाली.

"मग तोच एक चेंडू का झेलतेस?"

"तो एकटाच लाल आहे ना."

उद्या पोळा, बापाला पदराचं काय सांगायचं, म्हणलं. तिनं चेंडू माझ्याकडं टाकला. मी झेलला.

"पाळी तुझी," म्हणाली.