टेसूचा रंग आणि तुझी मजुरी

आई, यंदा तुझ्या नातीनं होळीला रंग विकला. तू तिला पाहिलेलं नाहीस. दहा वर्षांची आहे, माझ्याशी मराठीत बोलायला लागते आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरते. शाळेत त्यांना पैशांचा एक धडा होता, भांडवल, खर्च, नफा असं काहीतरी, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुकान होतं. होळी आठवड्यावर आली तशी म्हणाली, "मम्मी, तू लहानपणी टेसूचा रंग विकायचीस ना? मला पण शिकव. सब केमिकल वाले रंग बेचते हैं, मैं असली वाला बेचूँगी." मी हो म्हटलं. तेव्हापासून मला माधवगंजातल्या आपल्या घरापुढचा ओटा आठवतोय.

मीही तिच्याएवढीच होते. खेड्यातून एक बाई पळसाच्या फुलांची टोपली घेऊन बाजाराच्या दिवशी यायची. आपल्या गल्लीत सगळे त्याला टेसूच म्हणायचे, आपणही. मी दिवाळीच्या ओवाळणीतून फुलं घेतली आणि तुझ्यापुढे आणून ओतली. तू रात्री ती भिजत घातलीस, सकाळी स्टोव्हवर मोठं पातेलं चढवलंस, चिमूटभर चुना टाकलास, आणि पिवळट पाणी बघता बघता केशरी झालं. मी गल्लीत खेळत होते. तू जुन्या पंच्यातून रंग गाळत होतीस, सरबताच्या रिकाम्या बाटल्या धूत होतीस. दुपारी मी ओट्यावर बाटल्या मांडून ओरडायला लागले आणि संध्याकाळपर्यंत सगळा रंग संपला. गल्लीतल्या पोरांनी निम्मा तिथेच एकमेकांवर उडवला आणि परत घ्यायला आली.

मी पैसे घेऊन स्वयंपाकघरात आले. नया बाजारातल्या एका दुकानात पितळी पिचकारी टांगलेली होती, तिच्यापुरते बरोबर जमले होते. तू पोळ्या लाटत होतीस. हात मनगटापर्यंत केशरी.

"रॉकेलचे काढून ठेवलेस?" तू विचारलंस.

ते मी आधीच वेगळे काढले होते.

"फुलं उकळली कोणी?"

"तू."

"गाळलं कोणी? बाटल्या कोणी धुतल्या?"

"तू."

"मग माझी मजुरी ठेव. पाच रुपये."

मला वाटलं तू चेष्टा करतेयस. मी म्हटलं, "पण तू तर आई आहेस."

"आहेच. आई म्हणून तुला जेवायला घालते. हा तुझा धंदा आहे."

बाहेरून बाबा हसले. म्हणाले, "घ्या, आजपासून आईसाहेबांना पगार सुरू." तू हसली नाहीस. पिठाचा हात पुसून पुढे केलास आणि मी पाच रुपये ठेवेपर्यंत तो मागे घेतला नाहीस. मी रडले. जेवले नाही. पितळी पिचकारी गेली, प्लास्टिकची आली, तिचा दट्ट्या पहिल्याच दिवशी निसटला. मग मी बादलीनंच सगळ्यांना भिजवलं आणि खरं सांगायचं तर रंगपंचमीला तेवढी मजा मला पुन्हा कधी आली नाही. पण तुझ्याशी मी चार दिवस धड बोलले नव्हते.

रंगपंचमी झाल्यावर एका संध्याकाळी तू बाहेर जायची साडी नेसलीस आणि मला म्हणालीस, चल. आपण नया बाजारात कुल्फीच्या दुकानात गेलो. तू बाकावर बसलीस, एक कुल्फी मागवलीस. मी विचारलं, "माझी?" तू म्हणालीस, "तुझ्याकडे पैसे आहेत ना?" मी फुरंगटून स्वतःची मागवली. तू अगदी सावकाश खाल्लीस, कुणाला वाटून द्यायची नाही अशी. पैसे देताना दुकानदारानं विचारलं, "भाईसाहब नहीं आए?" तू म्हणालीस, "आज मैं आई हूँ."

रात्री जेवताना तू आपणहून बाबांना सांगितलंस, "आज मी माझ्या पैशांनी कुल्फी खाल्ली." बाबा म्हणाले, "मला सांगायचंस, मी आणली असती." तू त्यांच्या पानात भात वाढत म्हणालीस, "तेच तर." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. पुढे नोकरी लागली आणि पहिला पगार माझ्या नावावर जमा झाला, तेव्हा थोडं कळलं. तोवर तू नव्हतीस.

तर यंदा. मी दोन दिवस रजा घेतली. फुलं भिजवली, उकळली, गाळली. लेकीनं सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडलं, माझ्या फोनचा क्यूआर कोड छापून चिकटवला, आणि सगळा रंग विकला. पैसे माझ्याच खात्यात येत होते, म्हणून दर तासाला येऊन विचारायची, "कितने हुए?" संध्याकाळी हिशेबाला बसली. फुलांचे काढले. बाटल्यांचे काढले. गॅसचे काढायला मी सांगितलं, तेही काढले. मग तिनं पेन ठेवलं आणि म्हणाली, "बस, बाकी सब मेरा प्रॉफिट."

मी कणीक मळत होते. हात केशरी होते. तुझी वाक्यं मला पाठ आहेत, फक्त म्हणायची होती. तिचे बाबा तिथेच होते. मी म्हटलं, "छान झालं गं," आणि सगळी रक्कम तिला मोजून दिली.

त्या दिवशी तू अगदी सहज हात पुढे केलास, असं मी आजवर समजत होते. आता वाटतं, हसली का नव्हतीस, ते तेव्हाच विचारायला हवं होतं. तू असतीस तरी हे पत्र मी तुला दिलं नसतं. आई, मला मागायची लाज वाटली.