काट्यावर हात

बाबा, तुमचं बरोबर होतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मधे बोलायला तुम्हाला जागा राहणार नाही. दादाचा उजवा गुडघा टिकणार नाही असं तुम्ही म्हणालात आणि तो टिकला नाही. आता ऐका. जिवंतपणी तुमच्यापुढे आम्हाला पूर्ण वाक्य बोलता आलं नाही.

आपल्या घराचा ओटा जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्याला लागून होता. कापसाच्या दिवसांत खामगावात गाड्यांची रांग लागायची आणि संध्याकाळी काटा बंद करून तुम्ही घरी आलात की ओटा भरायचा. तुम्ही जिनात काटेदार, कापसाच्या गाड्या तोलणारे. गाडी काट्यावर चढायच्या आधी चाकांकडे पाहून तुम्ही वजन सांगायचात. पुढे माणसांचंही सांगायला लागलात. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत कोणती जोड लागणार हे कळलं की लोक तुमच्याकडे येत. कोण मारेल, कोणत्या डावावर मारेल, दम कोणाचा आधी जाईल. तुमचा अंदाज सहसा चुकत नसे. आई आत भाकरी थापत असायची, मी चुलीपाशी, आणि मधल्या दाराच्या फटीतून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

त्या वर्षी दंगलीची शेवटची कुस्ती दादाची होती. समोर रोहिणखेडचा पहिलवान. जो जिंकेल त्याला दंगल भरवणारे शेठ कोल्हापूरच्या तालमीत पाठवणार होते. दादा तेव्हा दुसरं काही बोलतच नव्हता. तिथली माती कशी, तिथं दूध किती, पहाटे किती वाजता उठवतात. न पाहिलेल्या गावाबद्दल तो असा बोलायचा की जणू नुकताच तिथून आलाय. आणि त्याचा गुडघा दुखावलेला होता. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला होता. सरळ चालताना कळायचं नाही. पाय आत वळला की तो दात आवळायचा. वस्तादांना समजलं तर ते जोड मोडतील, म्हणून त्यांनाही त्यानं सांगितलं नव्हतं. दुपारी आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि त्याला आंबेहळदीचा लेप लावायची. हे आपल्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. घरात तुम्ही होतात.

दंगलीच्या आधीच्या त्या संध्याकाळी ओट्यावर तेलघाणीवाले काका आहेत, शाळेतले गुरुजी आहेत, आणि कडेला एक अनोळखी गाडीवाला बसला आहे. मी त्याला पाण्याचा लोटा देते. कुठले, विचारते. रोहिणखेडचा, म्हणतो. सकाळी तुम्हीच त्याची गाडी तोललेली आहे.

"ढाक लावन तो," काका म्हणतात. "रोहिणखेडवाला हाताचा जड हाय. मानेवर हात पडला का आपलं पोट्टं गेलं."

"पडू दिला तं न," गुरुजी म्हणतात. "आपलं पोट्टं पटात घुसते, सिद्धं पायाले धरते. मुंगूस पाह्यलं काय कधी?"

"मुंगूस सापाले मारते, गुरुजी. हा सांड हाय."

"मंग सांडाले पळवा. पळवून पळवून दमवा."

"तुम्ही पळवा. तुमची तं शाळा सुटली का सारेच पळतेत."

सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही सुपारी कातरत आहात. काकांना तुमचं गप्प बसणं सोसत नाही.

"काटेदार, आज मुके काऊन? घरचं पोट्टं हाय म्हनून काटा अडकला काय?"

एवढ्याशा टोमण्यावर तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात.

"मी काट्यावर हात ठेवत नाही," तुम्ही म्हणालात. "जिनात नाही अन् इथंई नाही. माहा पोरगा असो का कोनाचा असो. रोहिणखेडवाला मारन. याचा उजवा गुडघा गेला हाय. पाय आत वळला का संपलं."

गुरुजींनी आवाज खाली आणून विचारलं, "खरं काय हो?"

"हाव. रोज लेप लावते त्याची माय."

लेपसुद्धा सांगितलात. गाडीवाल्यानं पाणी संपवलं, लोटा पालथा घातला, सगळ्यांना रामराम केला आणि उठून गेला.

तुमच्या त्या वाक्याचा मला अभिमान होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून राग जास्त येतो. काटेदारानं नुसतं बोट टेकलं तरी शेतकऱ्याचा कापूस कमी भरतो. दुसऱ्या काट्यांवर काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही आयुष्यात कधी बोट टेकलं नाहीत. लांबलांबचे गाडीवाले तुमच्यासाठी रांगेत थांबायचे. पण दादा कापसाची गाडी नव्हता, आणि त्या ओट्यावर कोणाचा कापूस कमी भरणार नव्हता. "मले नाही सांगता येत" एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. काका आणखी दोनदा चिडवून घरी गेले असते.

रात्रीच्या जेवणाला आईनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. "काऊन सांगतलं?" तिनं विचारलं. तुमच्यापुढे तिनं असं विचारलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

"खरं तेच सांगतलं."

"खरं घरात ठेवता येत नाही काय?"

"खऱ्याले घर अन् बाहेर नसते," तुम्ही म्हणालात आणि भाकरी मागितलीत. दादा खाली मान घालून जेवत होता. "जाऊ दे न माय," तो म्हणाला, "त्या गाडीवाल्याले काय समजते." नंतर अंगणात मी त्याला म्हणाले, नको जाऊ कुस्तीला. तर म्हणाला, "नाई गेलो तं बाबाच खरे ठरतेत. गेलो तं माहं तरी काही ठरन."

दंगलीला बायका जात नसत. आई आणि मी घरात होतो. मैदानाकडून आवाज यायचा, ओसरायचा. शेवटची कुस्ती लागली ते हलगीवरून कळलं. मग आवाज एकदम तुटला. माणसं ओरडत असताना काय झालं ते कळत नाही. गप्प झाली की कळतं. आईनं परातीतलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि हात धुतले.

सगळ्यांच्या पुढे तुम्ही आलात. पाणी मागितलं नाहीत. दारात उभे राहून म्हणालात, "म्हटलं होतं का नाही? पहिल्याच पकडीत. उजवाच."

तुमचा चेहरा मला आठवतो. तो दुःखी नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण दुःखाच्या वर दुसरं काही होतं, आणि ते आधी दिसलं. मागून दादाला बाजेवर घालून आणलं. गुडघा फेट्यानं बांधलेला, तोंड भिंतीकडे. आई त्याच्या उशाशी बसली आणि तुमच्याकडे न पाहता म्हणाली, "काट्यावर नोका ठेवू हात. पोराच्या डोक्यावर तं ठेवा."

तुम्ही ठेवला नाहीत. बाहेर ओट्यावर लोक जमले होते, तिकडे गेलात. एकेरी पट कसा लागला, पाय आत कसा वळवला, हे तुम्ही समजावून सांगत होतात आणि आत दादा ते ऐकत होता. मधलं दार मी लावून घेतलं. ते बंद असलं तरी ऐकू येतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

पाय अकोल्याला दाखवला. पुढे तो वाकलाच नाही. दादानं सायकलींचं दुकान टाकलं आणि जन्मभर पाय लांब करून बसून पंक्चरं काढली. तुम्ही गेल्यानंतर एकदा रोहिणखेडचा पहिलवान त्याच्या दुकानात आला होता. केस पांढरे, कान पहिलवानाचे, मोडलेले. "आमच्या गाडीवाल्यानं सांगतलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "मले मालूम होतं." दादानं त्याला चहा पाजला. घरी येऊन मला सांगताना म्हणाला, "बाबा खोटं तं नाई बोलले." त्या दिवशी मला तुमच्यापेक्षा त्याचा राग आला. त्याच्या वाट्याचा राग मी वाहते आहे आणि तो मला तेवढंही उतरवू देत नाही.

तुमच्याकडून मला एक गोष्ट मिळाली. जेवताना तुम्ही लोटा आणि पेला समोरासमोर ठेवायचात. लोटा हा पहिलवान, पेला तो. "तोंडाकडे पाहू नोको," म्हणायचात, "मानसाचं तोंड खोटं बोलते. पायाकडे पाह्य." मुलीला कोण हे शिकवतं? तुम्ही शिकवलंत, आणि मी शिकले.

परवा बुलढाण्याला नातीची कुस्ती होती. आता गादीवर खेळतात, मुलीही खेळतात. दोघी आत आल्या आणि मी पायांकडे पाहिलं. आमचीचा डावा पाय पकड घेताना मागे राहतो. समोरचीला ते दिसलं की संपलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजी, कोन मारन कुस्ती?" नात ऐकण्याच्या अंतरावर होती.

"आमचीच," मी म्हणाले. मोठ्यानं. पूर्ण पंजा काट्यावर टेकवला.

ती हरली. डाव्याच पायावर हरली. आणि तो पाय मागे राहिला त्या क्षणी, ती अजून पडायची होती, माझ्या आत कोणीतरी खुशीत म्हणालं, म्हटलं होतं का नाही. पोरीकडे मी त्यानंतर पाहिलं.

दादा माझ्या शेजारीच बसला होता, पाय लांब करून. त्याला हे कळलं नाही आणि मी कळू देणार नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आता तुम्ही कोणत्याही ओट्यावर जाऊन ते सांगू शकत नाही.