वेंगुर्ला, पणजी, एकटीच

९ जाने., शुक्र. सांगली स्टँड

नि. आला, पण हात हलवत. बॅग नाही. रजिस्टर लग्नाला दोन महिने झाले, अजून नवरा सांगलीत आईकडे आणि बायको साताऱ्यात बापाकडे, आप्पांकडे. घरी कधीच सांगितलंय म्हणतो, आईच ऐकत नाहीत. निदान चार दिवस तरी एकत्र...

"आज नगं गं, आई लय चिडलीय. तू हो म्होरं, मी उद्या येतो."

झाले म्होरं. आप्पांचा मिलिटरीतला पिठ्ठू पाठीवर. त्यात नि.चा नवा शर्टही. मूर्ख मी.

१० जाने., शनि. वेंगुर्ला

कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टँडवर जाऊन आले. समुद्र बघायचा राहिलाच. लॉजवाल्या बाई: "तुझो घोव खंय?" नवरा येतोय म्हटलं.

आप्पांचा फोन. "जेवलासा का दोघं?" "जेवलो," म्हटलं. मला काहीच गेलं नव्हतं.

११, रवि.

समुद्र पाहिला. त्याला पाठवायला व्हिडिओ काढला. त्यात लाटांपेक्षा माझं नाक ओढणंच जास्त ऐकू येतंय. डिलीट.

१२, सोम. पणजी

पोर्तुगीज घरांची ती गल्ली. पिवळी, निळी, सुंदर. दारादारात जोडपी. "ताई, आमचा एक काढा ना." काढले. चांगले काढले.

दुपारी राहवेना. फोन लावला, उचलला. मागे भांड्यांचा आवाज. म्हणाला, "बोला."

बोला! मला! आजवर "बोल की गं" सोडून दुसरं नाही. म्हटलं, अरे मी आहे. "व्हय व्हय, सांगतो तुमाला नंतर." ठेवला.

चर्चच्या पायऱ्यांवर बसून रडले. लोक बघत होते, बघू देत. स्वतःच्या बायकोला अहोजाहो. आई शेजारी असतील. पण त्यांना माहीत आहे तर मग...

१३, मंगळ. सांगली, नि.चं घर

कोल्हापूरला साताऱ्याची गाडी सोडली, सांगलीची धरली.

दार सासूबाईंनीच उघडलं. हसतमुख. "निलेशच्या हापिसातल्या का? या की, बसा."

म्हणजे सांगितलेलंच नाही. एक अक्षर नाही.

त्या आत चहा टाकतायत. नि. समोर बसलाय, फरशीकडे बघत. नुसतं बसवत नाही, म्हणून हे लिहितेय. त्याला एवढंच म्हटलंय, चहा येईपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते.

आत कपबशा वाजल्या. वही मिटतेय, मीच सांगते.